काकूंच्या पायाखालचा कोबा

मित्रांनो, माझ्याशी बोलायचे तर मान खाली घालावी लागते, म्हणून माझ्याशी फारसे कुणी बोलत नाही. छताकडे लोक झोप येईपर्यंत बघत पडतात. भिंतींना तसबिरी मिळतात, खिडक्यांना पडदे मिळतात. माझ्या वाट्याला येतात ते पाय. मी एका बैठ्या घरातल्या खोलीचा कोबा आहे. साधा सिमेंटचा, वयाने जुना आणि स्वभावाने जरा खडबडीत. 'पायाखालची जमीन सरकली' असे तुम्ही लोक उठसूट म्हणता ना, त्याचा मला फार राग येतो. इतकी वर्षे झाली, मी एक बोटभरसुद्धा सरकलेलो नाही.

माझा जन्मच मुळी भांडणात झाला. मला घालायला दोन गवंडी आले होते. एकाला सगळा कोबा एका दमात उरकायचा होता. दुसऱ्याला संध्याकाळ झाली की घरी जायची घाई. दोघांची चांगलीच जुंपली आणि दुसरा थापी टाकून चालता झाला. त्यामुळे मी निम्मा एका दिवशी आणि निम्मा दुसऱ्या दिवशी जन्मलो. आदल्या दिवसाचा माल जिथे संपला तिथे, स्वयंपाकाच्या ओट्याच्या जरा अलीकडे, माझ्या अंगावर एक आडवा उंचवटा राहून गेला.

नव्या कोब्याला पुष्कळ दिवस पाणी पाजावे लागते, तरच तो अंग धरतो. पण घरमालक उतावळे. लग्न नुकतेच झालेले, बायकोला नवे घर दाखवायचे होते. मी पुरता वाळलोही नव्हतो तोच त्यांनी लोखंडी कपाट माझ्यावरून ओढत नेले. काही दिवसांनी दारापासून थेट खिडकीपर्यंत मला एक भेग गेली. गवंड्याने कपाळावर हात मारून घेतला. मालक म्हणाले, "असू दे, घर आहे, आरसा नाही."

मालकांच्या बायकोला गल्लीतले सगळे काकू म्हणायचे, म्हणून मीही काकूच म्हणतो. काकू शिवणकाम करायच्या. खिडकीखाली त्यांचे पायाने चालवायचे मशीन होते. ते जड मशीन वर्षानुवर्षे एकाच जागी थरथरत राहिले आणि त्याच्या पायांनी मला दोन खोलगट वाट्या पाडल्या. शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेशांचा असा काही ढीग पडायचा, की मला श्वास घ्यायला जागा उरायची नाही. काकू माझ्यावर कापड पसरून, गुडघ्यांवर बसून बेतायच्या. खडूची रेघ कापडावरून उतरून माझ्यावरही यायची. मापे द्यायला आलेल्या मुली चपला दाराशी काढून आत आल्या की हमखास म्हणायच्या, "अगंबाई, काय गार वाटतं इथं." मला तेवढे पुरायचे. दिवसभर मी त्याच शब्दांवर खूश असायचो.

काकूंचा मुलगा माझ्यावरच रांगला. एकदा त्याने इस्त्रीची वायर धरून ओढली. काकूंनी एका हाताने त्याला उचलले आणि इस्त्री पडू दिली. मुलगा वाचला, मी फुटलो. पलंगाच्या कडेला माझा तळहाताएवढा टवका उडाला. काकूंनी मुलाला कडेवर घेऊन त्या टवक्यावरून हात फिरवला होता, हे मात्र मी अजून विसरलेलो नाही.

पुढे दिवस पालटले. मालक, म्हणजे काकूंचे नवरे, आमचे काका, गेले. मुलगा शिकला आणि नोकरीसाठी दूरच्या शहरात स्थायिक झाला. लोक तयार कपडे घेऊ लागले. माझ्यावरचा लाल रंग पोपडे धरून उडाला, पण तो पुन्हा द्यायचे कुणाच्या मनात आले नाही. दिवसेंदिवस माझ्यावर फक्त एका माणसाचे पाय फिरायचे. घरात कुणी आले नाही की घर किती मोठे होते, ते मला तेव्हा कळले.

आणि मग काकूंचे डोळे जाऊ लागले.

माणसाची नजर कमी होऊ लागली की ते आधी जमिनीला कळते. पूर्वी काकू टाच दणकन टेकवून चालायच्या. हळूहळू टाच मागे राहिली आणि बोटे पुढे आली. मग बोटेही टेकण्याआधी चाचपू लागली. दारातून आत आल्या की काकू उजव्या पायाच्या अंगठ्याने माझी भेग शोधायच्या. ती सापडली की तिच्यावरून सरळ खिडकीपर्यंत. पायाला वाट्या लागल्या की मशीन आले. तिथून डावीकडे वळायचे, उंचवटा लागला की हात पुढे करायचा, ओटा हाताशी. झोपायला जाताना टवका सापडला की खाली बसायचे, पलंग तिथेच. "हं, आलास का?" असे त्या पुटपुटायच्या. ते मला उद्देशूनच असायचे. दुसरे होतेच कोण?

माझे जे जे बिघडले होते, ते ते त्यांच्या उपयोगी पडत होते. गवंड्यांचे भांडण, काकांची घाई, मुलाचा खोडकरपणा, सगळ्यांनी मिळून जणू त्यांच्यासाठी वाट आखून ठेवली होती. खोटे कशाला बोलू, मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

काकूंनी ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. सुईत दोरा ओवायचा तर शेजारणीला म्हणायच्या, "हल्लीचा दोरा मेला फारच बारीक येतो." कुणी काही वाचायला दिले की चष्मा कुठेतरी ठेवलेला असायचा. पंखा, दिवा, दोरा, चष्म्याचा नंबर, सगळ्यांवर आळ आला, डोळ्यांवर कधी आला नाही. कारण मुलाने एकदा बजावले होते. मायेनेच बजावले होते, पण बजावले होते. "आई, तुझं तुला जमतंय तोवर राहा इथं. पण एक दिवस जरी अडलीस ना, त्याच दिवशी घर बंद करून तुला घेऊन जाईन." काकू त्यावर हसल्या होत्या. पण तेव्हापासून त्यांचे सगळे बळ एकाच गोष्टीत गेले, आपण अडलो हे दिसू द्यायचे नाही. त्यांचे हे घर माझ्या भेगेवर टिकून होते, आणि हे काकूंना माहीत होते आणि मला. एवढी मोठी गोष्ट दोघांनीच जपायची आणि त्यातल्या एकाला तोंड नाही, म्हणजे बघा.

मग एका सुट्टीत मुलगा आला. हातात पाण्याचा पेला घेऊन तो ओट्याकडून येत होता आणि माझ्या उंचवट्याला अडखळला. पेला उडाला, पाणी सांडले. आता बघा गंमत. धडधाकट डोळ्यांचा मुलगा अडखळला, काकू त्या उंचवट्याला इतक्या वर्षांत कधी अडखळल्या नव्हत्या. पण मुलगा खाली वाकून माझ्याकडे टक लावून बघू लागला. भेग बघितली, टवका बघितला. त्याचा चेहरा पडला. हा कोबा एक दिवस आईला पाडणार, असे तो म्हणाला. सगळी जमीन एकसारखी करून घेऊ, वर व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचे पातळ आच्छादन, टाकू, पायाला मऊ आणि ऊबदार लागेल, असे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकले.

काकू म्हणाल्या, राहू दे, मला सवय आहे. मुलगा म्हणाला, सवय आहे म्हणूनच तुला कळत नाही किती वाईट आहे ते. काकूंनी खर्चाचे निमित्त सांगून पाहिले, धुळीचे सांगून पाहिले. खरे कारण ओठांपर्यंत यायचे आणि मागे फिरायचे. ते सांगितले तर जमीन वाचणार होती, पण घर जाणार होते.

दोन-चार दिवसांत फ्लोअरिंगवाला आला. अंगाने किरकोळ, बोलण्यात मिठास, आणि कामाला वाघ. सामान सगळे मागच्या पडवीत हलवले गेले. मशीन उचलले तेव्हा माझ्या वाट्या पहिल्यांदाच उघड्या पडल्या. मला उगीचच लाजल्यासारखे झाले. तो माझ्यावर उकिडवा बसला आणि हातोडीच्या दांड्याने ठिकठिकाणी ठोकून कान लावून ऐकू लागला, कुठे पोकळ तर नाही ना म्हणून. मग एका कोपऱ्यात प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करून ठेवला. माझ्यात ओल असती तर त्याखाली थेंब जमले असते. दुसऱ्या दिवशी त्याने तो सोलून पाहिला आणि म्हणाला, "कोरडा ठणठणीत आहे. मूळचा माल चांगला आहे हो." कितीतरी वर्षांनी माझे कुणी कौतुक केले होते. आणि केले कुणी, तर मला गाडून टाकायला आलेल्या माणसाने.

मग त्याने यंत्र सुरू केले. आधी रंगाचे उरलेसुरले पोपडे गेले. मग फिरती चकती उंचवट्यावर आली. काकू मागच्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. चकतीचा आवाज चढला की त्यांची बोटे चौकटीवर घट्ट व्हायची. उंचवटा गेला. धूळ झाडून, पुसून घेतल्यावर त्याने लांब पट्टी माझ्यावर आडवी ठेवली आणि पट्टीखालून कुठे उजेड दिसतो ते वाकून बघू लागला.

काकूंनी अगदी सहज विचारल्यासारखे विचारले, "ती भेगही भरणार का हो?"

"सगळं भरणार काकू. व्हिनाइल पातळ असतं. खाली दाण्याएवढं काही राहिलं, तरी थोड्या दिवसांनी वर उमटतं."

काकू "बरं" म्हणाल्या. भेग रुंद करून, झाडून, त्याने तिच्यात राखाडी लापशीसारखा माल भरला. वाट्यांत भरला, टवक्यात भरला, सुरीने सपाट केला. दुखले नाही. पण एकेक जागा भरत गेली तसतसे मला वाटू लागले की आता काकू आल्या तर मी त्यांना काय सांगू?

त्या रात्री काकू शेजारणीकडे झोपल्या. जाताना फ्लोअरिंगवाल्याने त्यांना सांगितले होते, की उद्या फक्त प्रायमर, म्हणजे वरच्या मालाला पकड देणारा पातळ हात, मारणार, तो लगेच सुकतो. पातळ माल ओतून सगळे पाण्यासारखे सपाट करायचे, ते परवा.

पण दुसऱ्या दिवशी हवा कोरडी होती. प्रायमर सकाळीच सुकला. मग थांबायचे कशाला, असे म्हणून त्याने दुपारी माल कालवला आणि ओतायला सुरुवात केली. मित्रांनो, तो माल आपला आपण पसरतो. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तो शांतपणे सरकत आला आणि माझा चेहरा पुसला गेला. वरून काट्यांचा रोलर फिरवून त्याने बुडबुडे काढले. मग पुढच्या दाराला स्टूल आडवे लावून तो आणि मुलगा बाहेर पायरीवर चहा प्यायला बसले. मागच्या दाराला काही लावले नाही. ओल्याचिंब जमिनीवर कोण पाय ठेवणार, ती तर दारातूनच दिसते.

काकू मागच्या दाराने आल्या.

त्या का आल्या ते मला त्यांच्या पहिल्याच पावलात कळले. त्या सराव करायला आल्या होत्या. आज फक्त प्रायमर आहे, तो सुकला असेल, सगळे चहाला गेलेत, तेवढ्यात ही नवी जमीन पायाने शिकून घेऊ, म्हणजे मुलासमोर चाचपडायची वेळ यायची नाही. एवढाच त्यांचा बेत होता. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि धीटपणे, थांबायच्या आत, भराभर चार पावले टाकली. पाय गार चिखलात रुतला. त्या थबकल्या. मागे फिरायचे म्हणून वळल्या, आणि अंगठा सवयीने भेग शोधू लागला. भेग नव्हती. त्यांनी दुसरा पाय सरकवून पाहिला. उंचवटा नव्हता. पुन्हा वळल्या. आता दार कुठल्या बाजूला राहिले, हेही त्यांना कळेना. जन्मभर ज्या खोलीत वावरल्या त्या खोलीच्या मधोमध काकू हरवून उभ्या होत्या. हाक मारावी, तर गुपित फुटणार. मी त्यांच्या पायाखालीच होतो, बोटभर मालाच्या खाली, आणि मला त्यांना एवढेसुद्धा सांगता येत नव्हते की डावीकडे वळा.

मुलाने खिडकीतून पाहिले. धावत दाराशी आला आणि चिडूनच म्हणाला, "आई, अगं ओलं आहे सगळं! दिसत नाही का तुला?"

काकू आवाजाच्या दिशेने वळल्या. पण नेमक्या नाही, जरा बाजूला, कपाट असायचे त्या भिंतीकडे. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नाही रे. दिसत नाही."

मुलगा जागीच थिजला. फ्लोअरिंगवाला भानावर होता. तो म्हणाला, "आधी त्यांना बाहेर घ्या. सिमेंट पायाला चावतं." तेव्हा कुठे मुलगा हलला. स्टूल ढकलून बुटांसकट तो त्या ओल्या मालात शिरला, आईचा हात धरला आणि तिला एकेक पाऊल मागच्या दाराशी नेले. पडवीतल्या नळाखाली त्याने तिचे पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांतला माल काढता काढता त्याने विचारले, "का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर नेलं असतंस."

"मग? माझ्याकडे काय वाईट होतं?"

"वाईट काही नाही. पण तुझ्याकडे सगळं गुळगुळीत आहे. पायाला काहीच कळत नाही. मागे आले होते तेव्हा मी सोफ्यावरनं उठलेच नाही, आठवतंय? गुडघे दुखतात म्हणाले होते."

मुलाला आठवले. नळ तसाच वाहत राहिला. मग तो लहानपणी रडायचा तसा रडला, आणि काकू ओल्या हाताने त्याचे डोके चाचपत राहिल्या. मागच्या दारातून मला पडवीचा नळ तेवढा दिसत होता, आवाज मात्र सगळा येत होता. तोवर माझ्या अंगावर अनवाणी पावलांचे आणि बुटांचे ठसे हळूहळू घट्ट होत होते.

नंतरचे थोडक्यात सांगतो. मुलाने रजा वाढवली आणि काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. एक डोळा हातचा गेला होता. आधी दाखवला असता तर वाचला असता, असे डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या डोळ्यात उजेड-अंधार आणि थोडे आकार तेवढे राहिले होते, ते औषधाने टिकवता येणार होते. फ्लोअरिंगवाल्याने पावलांचे ठसे घासून काढले आणि माल पुन्हा ओतला. या वेळी दोन्ही दारे बंद.

तो वाळल्यावर मुलगा अनवाणी आत आला, डोळे गच्च मिटून घेतले आणि म्हणाला, "आई, आता सांग, कुठे काय होतं?" काकू सांगत गेल्या, तो चाचपडत चालत गेला आणि दोनदा भिंतीवर आपटला. काकूंना हसू आवरेना. त्या घरात हसणे ऐकून मला किती काळ झाला होता, मी सांगू शकत नाही. मग काकू, मुलगा आणि फ्लोअरिंगवाला, तिघांनी मिळून ठरवले. दारापासून मशीनपर्यंत, मशीनपासून ओट्यापर्यंत आणि पलंगापर्यंत खरखरीत व्हिनाइलची अरुंद पट्टी, बाकी सगळीकडे गुळगुळीत. काकू इथेच राहणार. मुलाने दर आठवड्याला यायचे, शेजारणीने रोज डोकवायचे. घर वाचले.

आणि माझ्यावर गोंद पसरला गेला, वरून व्हिनाइल आले, जड रोलर फिरला आणि काळोख झाला.

मित्रांनो, मला आनंद झाला नाही असे नाही. पण मला हेवाही वाटतो. काकू आता त्या खरखरीत पट्टीवरून झपझप चालतात, पुन्हा टाच दणकन टेकवून. मला वरून फक्त धप धप ऐकू येते. त्यांच्या पायाची ऊब माझ्यापर्यंत पोचत नाही. पूर्वी त्या माझ्याशी पुटपुटायच्या, आता संध्याकाळी मुलाशी फोनवर बोलतात. कुठे चुकल्या, कुठे धडकल्या, आज किती दिसले, सगळे त्याला सांगतात, आणि तो ऐकतो. हे असेच व्हायला हवे होते. जे माणसाला सांगायचे ते त्यांना इतकी वर्षे सिमेंटला सांगावे लागत होते. तरी संध्याकाळ झाली की मी कान देऊन पडून असतो, आणि मला फार एकटे वाटते.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगणे. तुमच्या घरी कुणी भिंतीला बोटे लावून चालत असेल, कुणी बोलावूनही एका जागेवरून उठत नसेल, कुणी म्हणत असेल की दोराच बारीक आहे, तर त्याच्यासाठी काही चांगले करायला धावण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला विचारा, आणि खरे बोलला तर आपण त्याचे घर हिरावून घेणार नाही, हेही त्याला सांगा. मला कुणी काही विचारले नाही, त्याचे काही नाही. मी जमीन आहे. माणसाला मात्र विचारायचे राहू देऊ नका.